न मागता आलेलं

आजचा श्लोक गीतेच्या चौथ्या अध्यायातला बाविसावा. गेले दोन दिवस चिंतन आलं नाही, त्याचं कारणही हाच श्लोक. शुक्रवारी रात्री मी त्यावर लिहून ठेवलं होतं. समाधान, स्वीकार, मनाची शांती, सगळं कसं छान गुळगुळीत. रविवारी घरी आलो आणि ते पुसून टाकलं.

आधी अर्थ माझ्या शब्दांत. आपसूक जे मिळेल त्यात जो समाधानी आहे, सुखदुःखाच्या ओढाताणीत जो सापडत नाही, ज्याला कुणाचा मत्सर नाही आणि हातातलं काम साधलं काय नि फसलं काय, ज्याचा तोल जात नाही, तो माणूस कर्म करतो पण त्या कर्मात अडकत नाही. यातला पहिला शब्द ‘यदृच्छालाभ’. शंकराचार्यांनी भाष्यात त्याचा अर्थ न मागता येऊन पोचलेला लाभ असा लावलाय. हा अर्थ लक्षात ठेवा, कारण शनिवारी माझी फजिती नेमकी तिथेच झाली.

चैत्री पौर्णिमेपासून डहाणूच्या महालक्ष्मीची जत्रा असते, पंधरा दिवस चालते. आईला तिथे जायचं होतं. कधीपासून, तर मला आठवतंय तेव्हापासून. दरवर्षी चैत्र आला की ती एकदा म्हणायची, “या वर्षी महालक्ष्मीला जाऊ या का?” आणि दरवर्षी काहीतरी निघायचं. या वर्षी मीच ठरवलं, शनिवार-रविवार जाऊ. आणि ठरवता ठरवता त्यात केळवं घुसवलं. वाटेतच तर आहे, एक दिवस समुद्रावर राहू, आईला जरा चेंज, रविवारी सकाळी पुढे डहाणू. मोबाइलवर रिसॉर्ट शोधलं, फोटोत निळाशार पूल, पांढरे पडदे, एसी खोली, सुरूच्या झाडांत टांगलेला झोपाळा. एका रात्रीचे सव्वीसशे. लगेच भरले. (नाव सांगत नाही. का ते पुढे कळेल.)

डोंबिवलीकरांना हा प्रवास माहीत असेल. कोपरला वरच्या प्लॅटफॉर्मवरून दिवा-वसई लाइनची गाडी, भिवंडी, खारबाव, कामण करत वसई रोड, तिथून डहाणू लोकल. विरार सुटलं की वैतरणेचा पूल येतो आणि लोकलमध्ये एकदम वारं शिरतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला. त्याआधी हे सगळं आमच्या ठाणे जिल्ह्यातच होतं, तरी आयुष्यभर डोंबिवलीत राहिलेली माझी आई वैतरणेच्या पुढे पहिल्यांदाच चालली होती. केळवे रोडला उतरून शेअर रिक्षा. साडेदहाला रिसॉर्टच्या फाटकात.

फाटक गंजून एका बिजागरीवर लोंबत होतं. पूल होता, पण कोरडा, तळाशी सुरूच्या काड्यांचा थर आणि एक फुटकी प्लास्टिकची खुर्ची. खोलीच्या छताचं प्लास्टर दोन ठिकाणी पडून आतल्या सळया दिसत होत्या. खाऱ्या हवेत हे होतंच. मीठ काँक्रीटमध्ये झिरपत जातं, सळई गंजते, गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट आतून ढकलून पाडते. एसीचा नुसता डबा, आत मशीन नाही. नळाचं पाणी मचूळ. चादरी धुतलेल्या होत्या, पण दमट. एप्रिलचा उकाडा तुम्हाला सांगायला नको.

सगळी जागा सांभाळायला एक काका आणि त्यांची बायको, एवढेच. काका पन्नाशीचे असतील. “साहेब, जरा ॲडजस्ट करून घ्या,” ते म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलेलं असावं की त्यात आता काही उरलंच नव्हतं.

आता माझं पाहा. डोक्यात चार दिवस हाच श्लोक. मला वाटलं, वा, देवानं प्रॅक्टिकलच ठेवलंय! न मागता आलंय, समाधान मानायचं. मी काकांना हसून म्हटलं, “चालेल हो, काही प्रॉब्लेम नाही.” आणि स्वतःवर जाम खूश झालो.

मग दुपारपर्यंत व्हरांड्यात बसून मी काय करत होतो? तोंडानं काही नाही. मनात मात्र त्या रिसॉर्टचा रिव्ह्यू लिहीत होतो. पहिला ड्राफ्ट, दुसरा ड्राफ्ट, त्यात एकदम झणझणीत वाक्यं. शेजारच्या नव्या रिसॉर्टमधून गाणी आणि पाण्यात उड्या मारणाऱ्या पोरांचे आवाज येत होते. तिकडे किती घेतले असतील, याचाही हिशोब करून झाला. म्हणजे श्लोकातला ‘विमत्सर’ हा शब्दही गेलाच. गप्प राहणं आणि समाधानी असणं यात केवढं अंतर आहे, हे मला त्या चार तासांत कळलं. खरं तर तेव्हा कळलंच नाही, आईनं सांगितल्यावर कळलं.

काकांनी जेवण मात्र सुंदर आणलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कैरीची चटणी, वर ताडगोळे. ताडगोळे ते स्वतः सोलून देत होते. आईनं विचारलं, “भरती कधी आहे आज?” ते म्हणाले, “आज वद्य तृतीया. तिथीची पाऊणपट करायची ताई. तीनाची पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनच्या आसपास पाणी पूर्ण वर येईल. उद्या पाऊण तास उशिरा.” पंचांग नाही, मोबाइल नाही. आम्ही सव्वादोनला जाऊन पाहिलं तर पाणी खरंच बांधाला लागलं होतं. किनाऱ्यावरच्या काही सुरूंची मुळं उघडी पडलीयत, एक झाड आडवंच झालेलं. लाट आली की त्याच्या शेंड्यात फेस अडकायचा.

तिथे उभा राहून मी आईला श्लोक समजावून सांगितला. आपण असे देवाचे शिक्षक असतो ना, समोर समुद्र दिसला की सुरू. म्हटलं, बघ, भरती आली म्हणून कुणी चिडतं का? आलं ते आलं. तसंच हे रिसॉर्ट. पदरात पडलं ते पवित्र मानायचं.

आई म्हणाली, “मग सकाळपासून तोंड पाडून का बसलायस?”

मी म्हटलं, “मी कुठे? मी तर एका शब्दानं बोललो नाही.”

“तेच म्हणते मी.”

मग मी विषय बदलायला म्हटलं की तुला बरं जमतं हे सगळं, तू कधीच कशाबद्दल तक्रार करत नाहीस, गीता न वाचता तुला चौथा अध्याय येतो. मला खरंच तसं वाटायचं. आई तीस वर्षं डोंबिवलीहून मस्जिदला नोकरीला जायची. लेडीज डब्यात उभी, येताना तिथेच भाजी निवडून घेणारी. ताटात सगळ्यात शेवटची, गार झालेली पोळी तिची. मी यावर पूर्वी इथे लिहिलंही आहे, माझी आई म्हणजे जिवंत संतोष वगैरे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हात जोडलेले पाठवले होते.

आई थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “ते समाधान नव्हतं रे. मला कुणी विचारलंच नाही.”

आवाजात राग नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं. पुढे म्हणाली, “आता हेच बघ. मला केळव्याला यायचं नव्हतं. मला काल रात्रीच डहाणूला जायचं होतं, पहाटेच्या दर्शनाला. तू म्हणालास समुद्र. म्हटलं बरं.”

मित्रांनो, मला काय बोलावं कळेना.

शंकराचार्यांचा अर्थ आठवा, न मागता येऊन पोचलेलं. भरती न मागता येते. ऊन, वारा, वाळूत पडणारं झाड, लोकल चुकणं, आपलं वय, हे सगळं तसंच येतं. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही, आणि दुसऱ्या अध्यायातली तितिक्षा त्यासाठीच आहे. पण आईच्या वाट्याला आलेलं केळवं हा काही निसर्गक्रम नव्हता. ते मी तिला दिलं होतं. न विचारता दिलं आणि वर तिच्या समाधानाचं कौतुक केलं. गार पोळीचंही तेच. ती काही आकाशातून पडत नव्हती, आमच्या घरातली चार माणसं आधी गरम खायची म्हणून ती गार व्हायची. देणारा मीच, आणि घेणाऱ्यानं यदृच्छालाभ म्हणून तो गोड मानावा हे सांगणाराही मीच? गीतेत हे कुठेही नाही. तो श्लोक माणसानं स्वतःला लावून पाहायचा आहे. मी तो आईच्या अंगावर शाल पांघरावी तसा पांघरला होता, खालचं काही दिसू नये म्हणून.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, पण मग उरलं काय? प्रत्येक गोष्ट कुणी ना कुणी केलेलीच असते, मग समाधान मानायचं कशात? खरा प्रश्न आहे. टिळकांनी गीतारहस्यात सुखदुःखाचा विचार करताना महाभारतातल्याच एका जुन्या मताला हात घातलाय. असंतोष हेच भरभराटीचं मूळ, हे ते मत. सभापर्वात ते दुर्योधनाच्या तोंडी आहे, आणि त्या असंतोषाचं पुढे काय झालं ते आपण जाणतो. म्हणजे मागत सुटावं असंही नाही. पण दुसऱ्या बाजूला हेही बघा की चौथा अध्याय सांगणारा कृष्ण युद्धाच्या आधी शिष्टाईला हस्तिनापुरात गेला होता. पांडव शेवटी पाच गावांवर थांबायला तयार होते. त्यांनी कमी मागितलं, पण मागितलं. पदरात वनवास पडलाय तर तोच गोड माना, असं कृष्ण त्यांना म्हणाला नाही. तो गेला, बोलला, आणि नाही म्हटल्यावर परत आला. साधलं-फसलं सारखं मानणं म्हणजे काय, ते मला त्या शिष्टाईत दिसतं. आधी काहीतरी करायला हवं, तरच ते फसू शकतं. सकाळी फाटकात उभा राहून मी काहीच केलं नव्हतं. माझं काही फसायला जागाच नव्हती, आणि त्याला मी समत्व म्हणत होतो.

तर संध्याकाळी मी मालकाला फोन लावला. (शीतलादेवीचं दर्शन घेऊन आलो होतो, त्यामुळे डोकं जरा शांत होतं.) नीट बोललो. म्हटलं, फोटोत दाखवलेलं इथे काही नाही, पूल बंद, एसी नाही, आम्ही रात्र काढू पण निम्मे पैसे परत द्या. मालक मुंबईला असतात. त्यांचा आवाजही अगदी नम्र. आधी म्हणाले, करोनानंतर धंदा राहिला नाही. मग म्हणाले, “असं करा, आमचा माणूस आहे ना तिथे, त्याच्याकडून पाचशे घ्या. मी त्याच्या पगारातून ॲडजस्ट करतो.”

काका चार पावलांवर मच्छर अगरबत्ती लावत होते. स्पीकर चालू नव्हता, तरी त्यांना कळलं असावं. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

मी म्हटलं, “त्यांच्याकडून नको. तुमच्याकडून हवेत.” मालक म्हणाले, आमचा आतला हिशोब आम्ही बघू. मी पुन्हा तेच म्हटलं. फोन कट झाला. परत लावला, उचलला नाही.

आणि आता खरं सांगतो, माझे हात थरथरत होते. श्लोकाचा शेवटचा भाग तिथे हवा होता, साधलं नाही तरी तोल न जाणं. सकाळच्या पूलपेक्षा, उकाड्यापेक्षा हा पेपर कितीतरी कठीण होता आणि त्यात मी नापास. रात्री बारापर्यंत मी त्या माणसाशी मनात भांडत होतो.

काका नंतर येऊन बसले. आईनं त्यांना विचारलं, पगार वेळेवर होतो का? “दोन महिन्यांचा बाकी आहे,” ते म्हणाले. “होईल.” मग जरा थांबून, “ॲडजस्ट करतो.” तोच शब्द. सकाळी मला तो थंडा वाटला होता. मालक तो पगार कापण्यासाठी वापरतात, काका पगाराची वाट बघण्यासाठी. आणि ऑफिसात आपला मॅनेजर शनिवारी बोलावतो तेव्हाही हाच शब्द असतो ना? आपल्याकडे संतोषाचा उपदेश बहुतेक वरून खाली येतो. खालून वर जाताना मी तरी पाहिलेला नाही. तुकोबा-ज्ञानोबांची गोष्ट वेगळी. ते सांगत होते तेव्हा स्वतः काही वर बसलेले नव्हते.

काकांसाठी मी काय केलं? फार काही नाही. जेवणाचे पैसे वेगळे त्यांच्याच हातात दिले, तेही आईनं सुचवलं म्हणून. रिव्ह्यू लिहायचा की नाही, यावर आम्ही दोघं लोकलमध्ये भांडलो. खरं लिहिलं तर गिऱ्हाईक येणार नाही, मग काकांचे दोन महिने कायमचे बुडाले. नाही लिहिलं तर पुढच्या शनिवारी आणखी कुणी आपल्या आईला घेऊन त्या फाटकात उभा राहणार. मी शेवटी लिहिलं. झणझणीत वाक्यं काढून टाकली. पूल बंद आहे, एसी नाही, फोटो जुने आहेत, जेवण उत्तम. चार ओळी. काकांचा उल्लेख मुद्दाम केला नाही, मालक त्याचाही राग त्यांच्यावर काढतील अशी भीती वाटली. बरोबर केलं का, माहीत नाही. म्हणूनच इथे नाव दिलं नाही, इथे हजारो लोक वाचतात. तुम्हाला वेगळं वाटत असेल तर जरूर सांगा.

रविवारी सकाळची पहिली डहाणू लोकल पकडली. तिथून जत्रेच्या गर्दीत विवळवेढ्याला. रांगेत आईनं देवीची गोष्ट सांगितली. देवी पूर्वी डोंगरावर होती. एक गरोदर बाई दर्शनाला चढत होती, वाटेत तिला घेरी आली. तेव्हा देवी म्हणाली, तू वर येऊ नकोस, मीच पायथ्याशी येते. म्हणून खाली देऊळ. आईला ही गोष्ट तिच्या आईनं सांगितली होती, आणि तिला स्वतःला कधी इथे यायला जमलं नव्हतं. मला हे सगळं पहिल्यांदाच कळत होतं. इतकी वर्षं “जाऊ या का” एवढंच ऐकलं होतं, का ते कधी विचारलंच नाही.

दर्शन झालं. प्रसाद घेतला. घड्याळात अकरा. मी सवयीनं म्हणणार होतो की आता लगेच निघू, पावणेबाराची एसटी मिळेल. जीभ आवरली. विचारलं, “आई, आता तुला काय करायचंय?”

तिला प्रश्नच कळला नाही आधी. “म्हणजे? निघायचं ना?”

“तुला काय करायचंय ते विचारतोय.”

ती बराच वेळ बोलली नाही. रस्त्याच्या कडेला सुक्या मासळीचे, भांड्यांचे, बांगड्यांचे स्टॉल होते. तिनं सगळीकडे पाहिलं. मग जरा लाजून, जत्रेच्या टोकाला बोट दाखवत म्हणाली, “त्या मोठ्या पाळण्यात बसायचंय.”

आई एकसष्ट वर्षांची आहे. मला उंचीची भीती वाटते, त्यामुळे मी खाली दोन्ही पिशव्या धरून उभा राहिलो. ती तीन वेळा बसली.

उद्या तेविसावा श्लोक.

राम कृष्ण हरी.